आत्याचं तळं आणि नापास झालेले पंप

पाणी हलवण्याचे जगात जेवढे म्हणून मार्ग आहेत, तेवढे सगळे माझ्या आत्याने एका हंगामात नापास केले. विजेचा केला, रॉकेलचा केला, खास मुंबईहून आलेला केला. नापास करण्याची सवय तिला होतीच. सगळी हयात पोलादपूर आणि महाडच्या शाळांत घालवून ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. दोन्ही तालुक्यांतल्या अर्ध्या लोकांनी तिच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या आणि उरलेल्यांच्या मुलांनी. त्यामुळे ती बाजारपेठेतून चालू लागली की दुकानदार गादीवरून उठून उभे राहायचे, हातातली विडी मागे जायची, आणि एखादा टक्कल पडलेला गृहस्थ उगाच शर्टाचं वरचं बटण लावायचा.

खरेदी हा तिच्या लेखी परीक्षा घेण्याचाच प्रकार होता. साधं मडकं घ्यायचं तर ती कुंभाराकडची सगळी मडकी बोटाच्या पेराने वाजवून, कान लावून ऐकायची, आणि शेवटी पहिलंच घ्यायची. साड्या लोक पसंतीला घरी आणतात, तशी ती हरेक वस्तू पसंतीला आणायची. एकदा भर उन्हाळ्यात तिने छत्री पसंतीला आणली आणि निकाल राखून ठेवला. महिनाभराने दुकानदाराने भीत भीत विचारलं, तर म्हणाली, “पाऊस पडल्याशिवाय छत्रीची परीक्षा कशी घेऊ? पेपर तर येऊ दे.” बिचारा आभाळाकडे बघत परत गेला.

मी त्या काळात महाडच्या तहसील कचेरीत कारकून होतो आणि आत्याकडेच राहत होतो. ऐंशी साल नुकतंच उलटलं असेल. जेवणखाण तिचं आणि हमाली माझी, असा आमचा न बोलता झालेला करार होता. पसंतीला आणलेल्या वस्तू माझ्या सायकलवरून यायच्या आणि नापास झालेल्या त्याच सायकलवरून परत जायच्या. गल्लीतली कुत्रीसुद्धा माझ्या कॅरिअरकडे बघून निकाल ओळखायची.

निवृत्त झाल्यावर आत्याने छोटंसं घर बांधलं आणि भिंतींचा गिलावा वाळायच्या आत अंगणात तळं खणायला घेतलं. तळं म्हणजे किती, तर एक पलंग आणि त्याच्या उशाला एक ट्रंक मावेल एवढं. काठाला काळा दगड, आत सिमेंट आणि मधोमध कमळाचा कंद. पौर्णिमेला विहारात न्यायला आपल्या दारचं कमळ हवं, असं ती सांगायची. लोक त्याला ‘बाईंचं डबकं’ म्हणायचे, पण तिच्या पाठीमागे. तोंडावर एकाने एकदाच म्हटलं, त्याला आमच्याकडे पुन्हा चहा मिळाला नाही. शेजारचे अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने सोशिक. त्यांनी कुंपणावरून एवढंच विचारलं, “बाई, गावात चवदार तळं असताना दारात आणखी एक कशाला?”

“ते सगळ्यांचं आहे, अण्णा,” आत्या म्हणाली. “हे माझं.”

आणि या तिच्या तळ्यावर एके दिवशी मलेरियावाला येऊन उभा राहिला. खाकी कपडे, एका हातात गेरूचा डबा आणि कुंचला, घरोघरच्या भिंतीवर तपासणीची तारीख लिहीत जाणारा सरकारी माणूस. त्याने लांब दांड्याची पळी पाण्यात बुडवून आत्याच्या चष्म्यासमोर धरली. पळीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

“बाई, साचलेलं पानी हाय. असं नाय ठेवता येनार. हलतं ठेवा, नायतर बुजवून टाका. पावसाळ्याच्या आधी परत येईन तेव्हा बघीन.”

अळ्या खायला गप्पी मासे सोडा, असंही तो जाता जाता सांगून गेला. आत्याने सोडले. विजेच्या तारेवर एक खंड्या बसायचा, त्याने ते दोन दिवसांत संपवले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला आला. ‘बुजवा’ हा शब्द मात्र आत्याला लागला. त्या दिवशी तिने भाकऱ्या भाजल्या, मला वाढल्या आणि स्वतः न जेवता काठावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातला चहाचा कप रिकामा व्हायच्या आत म्हणाली, “सायकल काढ. पंप बघायचाय. स्वस्त, कमी खाणारा आणि गप्प बसणारा.”

बाजारपेठेतला पंपवाला अर्थातच तिचा विद्यार्थी. आम्ही दुकानात शिरल्यापासून हात मागे बांधून उभा होता. आत्याने वीज किती खातो ते विचारलं, आवाज किती करतो ते विचारलं आणि मग म्हणाली, “पसंत नाही पडला तर परत आणीन.”

“बाई, पंप पसंतीला नाय हो देत कुनी.”

“सतराचा पाढा म्हण.”

त्याने पंप स्वतःच्या हाताने माझ्या कॅरिअरला बांधून दिला.

अर्ध्या हॉर्सपॉवरचा तो पंप शेताला पाणी द्यायच्या तयारीने आला होता. आत्याने घरातले सगळे दिवे बंद करायला लावले आणि कमी खर्चाची खात्री करायला मला विजेच्या मीटरखाली उभं केलं. बटण दाबल्याबरोबर मीटरची चकती अशी गरगरली की तिच्यावरची तांबडी खूण दिसेनाशी झाली आणि अंगणात पाइपने फणा काढला. त्याने आधी कमळाची पानं फाडली, मग कुंपण ओलांडलं आणि पलीकडच्या ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या अण्णांना गाठलं. पाणी थांबलं तेव्हा अण्णांच्या दोन्ही हातांत वर्तमानपत्राच्या कडा तेवढ्या उरल्या होत्या, आणि थांबलं तेही तळं संपलं म्हणून.

“बाई,” अण्णा म्हणाले, “मी आंघोळ करूनच बसलो होतो.”

“अंगात ताकद आहे, पण लक्ष नाही,” आत्याने पंपाकडे बघत निकाल दिला. हा शेरा तिने आयुष्यभर चौथीच्या प्रगतिपुस्तकांत लिहिला होता. पंप परत गेला. पंपवाल्याने तो स्वतःच्या हाताने उतरवून घेतला.

दुसरा आला तो पोलादपूरच्या वरच्या अंगाहून, एस.टी.च्या टपावर बसून. तिथल्या एका शेतकऱ्याने, तोही जुना विद्यार्थी, आपलं रॉकेलवर चालणारं इंजिन बाईंसाठी पाठवलं होतं. विजेचं बिल शून्य म्हणून आत्या खूश. ते दोरी ओढून सुरू करायचं असे, आणि दोरी अर्थात मी ओढायची. खांदा निखळायच्या बेताला इंजिन एकदम पेटलं. काळा धूर निघाला, फडताळातल्या वाट्या एकेक करून खाली उतरल्या आणि कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. पाणी हलत होतं, पण जमीनही हलत होती. त्या गदारोळात मागच्या आळीतली एक बाई डोक्यावर डबा घेऊन फाटकात येऊन उभी राहिली.

“चक्की टाकलीत ती बरं झालं बाई. येवढं तांदूळ दळून द्याल काय?”

आत्याने मला खुणेने इंजिन बंद करायला सांगितलं. तोवर त्याने आमच्या स्टोव्हच्या वाटणीचं महिन्याचं रॉकेल पिऊन टाकलं होतं. “बडबड फार, काम थोडं. मॉनिटर करायच्या लायकीचा,” असा शेरा घेऊन तेही टपावर बसून घाटाकडे रवाना झालं.

तिसरा पंप आणला माझ्या चुलतभावाने. तो मुंबईला गोदीत कामाला होता आणि रजेवर आला की बोलण्यात अर्धी मुंबई घेऊन यायचा. त्याने पिशवीतून कूलरचा पंप काढला, मुठीत मावेल एवढा. “आत्या, एकदम फर्स्टक्लास आयटम! आवाज नाय, खर्चा नाय. पान्यात टाकायचा आनि भूल जानेका.”

आणि खरोखरच तो गुणी निघाला. पाण्यातून वीतभर उंच बारीक धार उठली आणि कमळाच्या पानावर टपटपू लागली. मी मीटरखालून ओरडून सांगितलं की चकती फिरतेय की नाही तेच कळत नाही. आत्याने स्वतः येऊन चष्मा पुसून पाहिलं. अण्णांनीही कुंपणावरून पसंतीची मान डोलावली, अर्थात छत्री उघडून. माझी सायकल सुटली म्हणून मी निःश्वास टाकतोय, तेवढ्यात एक कावळा काठावर उतरला, त्याने पाण्यात चोच घातली आणि ओरडायचंही विसरून तो सरळ वर गेला. आत्याने वाकून बोट बुडवलं आणि चटकन मागे घेतलं.

“जरासा करंट लीक मारतो,” चुलतभाऊ म्हणाला. “बॉडीला काय होत नाय, नुसत्या मुंग्या येतात. एक पाटी लावून टाक आत्या. पान्याला हात लावू नये.”

आत्याने जाऊन प्लग उपटला. धार खाली बसली. नवी वायर घालून बघू, असं मी म्हणालो, तर तिने ऐकलंच नाही.

“पाण्याला हात लावू नये,” ती हळूच म्हणाली. “हे ऐकतच मी मोठी झाले रे. माझ्या दारात ती पाटी नको.”

त्या संध्याकाळी काठावर बसून तिने मला पहिल्यांदा सांगितलं. डोंगरातल्या ज्या वाडीत तिचं लहानपण गेलं, तिथे आमच्या माणसांना विहिरीच्या काठावर चढायची मुभा नव्हती. माझी आजी, म्हणजे तिची आई, घडा घेऊन खाली उभी राहायची. वरून कोणाला दया आली की घड्यात पाणी पडायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. आत्या आजीच्या पदराला धरून असायची. विहिरीतलं पाणी दिसतं कसं, हे तिला त्या वयात ठाऊकच नव्हतं. वरून पडणारी धार तेवढी तिने पाहिली होती. तोवर तळं हा म्हातारपणीचा छंद आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पण मलेरियावाला यायचा होताच आणि पंप तर एकही पास झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला फाटकातून आत आला, तशी आत्या त्याला म्हणाली, “किटली ठेव खाली आणि पाण्यात हात घाल.”

तो घाबरला. “काय पडलंय काय बाई?”

“काही पडलं नाही. ढवळ.”

“किती?”

“चहा होईपर्यंत.”

दूधवाला बाही वर करून पाणी ढवळत बसलेला सगळ्या गल्लीने पाहिला आणि त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटता तुटता राहिली. पण तो दुसऱ्या दिवशीही बसला, कारण चहा आत्याच्या हातचा होता. आठवडाभरात रीतसर वेळापत्रक ठरलं. सकाळी दूधवाला, कचेरीला जाण्यापूर्वी मी, टपाल वाटून झालं की पोस्टमन, दुपारी दुकान बंद करून पंपवाला, मग तांदूळ दळायला आलेली ती बाई आपल्या मैत्रिणींना घेऊन, आणि संध्याकाळी अण्णा. “मला आता पाण्याची सवय झालीये,” असं म्हणत ते काठावर बसायचे आणि आळीतल्या सगळ्या बातम्या ढवळून मगच उठायचे. आत्या हजेरी घ्यायची. कोणी खाडा केला तर दुसऱ्या दिवशी कारण द्यावं लागे.

चहा-साखरेचा खर्च बघून मी एकदा न राहवून म्हणालो, “आत्या, एवढ्या चहात सगळे पंप वर्षभर चालले असते.”

“पंपाला चहा पाजता येतो का?” ती म्हणाली.

“पण तू तर म्हणायचीस, हे तळं माझं आहे.”

“माझंच आहे. म्हणून तर कोणालाही हात घाल म्हणू शकते.”

मी बाही वर केली.

मलेरियावाला आला तेव्हा संध्याकाळ होती. त्याने आधी वायर शोधली, मग पाइप शोधला. “पंप कुठाय, बाई?”

“हा काय,” म्हणून आत्याने काठावर बसलेल्या अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णा ओले हात जोडून हसले.

त्याने पळी बुडवली, उजेडात धरली, पुन्हा बुडवली. एकही अळी नव्हती. “पंपच पायजे असं काय नियमात नाय,” तो डोकं खाजवत म्हणाला आणि भिंतीवर तारीख लिहून निघाला.

“थांबा. तुमची पाळी राहिली.”

त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. “गेरूनं भरलेत वो बाई. पानी खराब होईल.”

“हातानं पाणी खराब होत नसतं,” आत्या म्हणाली.

तो उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात आत घातले. थोडा वेळ पाणी तांबूस झालं, मग कमळाच्या देठांभोवती फिरत फिरत निवळलं. आत्या चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेलो तर हातात आधणाचं भांडं धरून ती रडत उभी होती. “या मेल्या स्टोव्हचा धूर फार होतो,” ती म्हणाली. स्टोव्ह तिने अजून पेटवलेलाच नव्हता. तो मी पेटवला.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गेली त्या दिवशी दोन्ही तालुक्यांतून माणसं आली. फाटकातून आत आल्यावर प्रत्येक जण आधी तळ्यापाशी वाकला, पाण्यात हात फिरवला आणि मग ओटीवर आला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. अण्णा दिवसभर काठावरून उठले नाहीत. मला तिची फार आठवण येते, आणि ती नेमकी चहाच्या वेळेला येते.

काही दिवसांनी पंपवाला नवा पंप घेऊन आला. शॉक नाही, आवाज नाही, वीज नावापुरती. “हा बाईंनी नक्की पास केला असता,” म्हणाला. मी तो पसंतीला ठेवून घेतला. माळ्यावर आहे, अजून निकाल लागलेला नाही. हल्ली सकाळी दूधवाल्याचा मुलगा येतो. त्याने आत्याला कधी पाहिलेलं नाही. तो किटली खाली ठेवतो, बाही वर करतो आणि पाण्यात हात घालून आतल्या बाजूला ओरडतो, “काका, चहा झाला का सांगा!”

मी चहा जरा जास्तच उकळू देतो.