ग्लासावरची लाल रेघ

आमच्या गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्या दिवशी आम्ही गुलाल उधळला. दारूचं दुकान बंद झालं आणि पुरुष मोटारसायकली काढून शेजारच्या गावाला जायला लागले. आधी पिऊन पायी घरी यायचे, आता पिऊन गाडीवर. गावची आशा सेविका मी, त्यामुळे पडून आले की पट्ट्या बांधायलाही मीच. शेवटी म्हटलं, सुटत नाही तर निदान कमी तरी होऊ दे.

आमच्याकडे बोकड जावळाचा असो नाहीतर जत्रेचा, मटण शिजेपर्यंत पुरुष उपाशीपोटी पीत बसतात. जेवल्यावर कोण पितं, म्हणतात. मी घरोघर फिरून सांगितलं, आधी खा, मग घ्या, आणि घेतली तर गाडीला हात लावू नका. किती घ्यायची तेही कळावं म्हणून काचेच्या ग्लासावर तळापासून दोन बोटं मोजून नखपॉलिशची लाल रेघ ओढली आणि तो ग्लास सगळ्यांना दाखवत फिरले. पारावरचे म्हातारे हसले, "ताई, आता ग्लासालाबी टिकली लावा." पण काही घरांत खरंच फरक पडला. दोघीतिघी येऊन तसं सांगून गेल्या आणि मी फुगले, खोटं कशाला बोलू.

माझा धाकटा भाऊ श्रीगोंद्याच्या बाजूला कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. या हंगामात त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "याला आता एक थेंबही नको."

आठ दिवस त्यानं दारूला हात लावला नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली, फळीवरचा रेघेचा ग्लास काढला, रेघेपर्यंत दारू ओतली आणि माझ्यासमोर धरला.

"बघ आक्का, जेवलोय. ट्रॅक्टरची चावी तुझ्याकडं हाय. रेघंच्या वर थेंब न्हाई."

"तुला न्हाई चालत रे. डॉक्टर काय म्हणले?"

"साऱ्या गावाला चालती आन् मला न्हाई व्हय? तूच सांगत फिरतीस ना?"

मी चिडले, रडले, बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. ज्यांना कमी करता येते त्यांच्यासाठी ती रेघ होती. ज्याला मुळीच चालत नाही त्याचा मी विचारच केला नव्हता. रागावून तरी कुठं जाणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

एका सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा मी ब्लेडनं रेघ खरवडून टाकली. वाटलं, बहाणा तरी जाईल. संध्याकाळी त्यानं ग्लास हातात फिरवून फिरवून पाहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मग काठोकाठ भरला आणि एका दमात प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो झोपलेला असताना मी नखपॉलिशची बाटली शोधली. ग्लासाच्या तळाशी बोटं लावली. दोनाच्या जागी एकच बोट धरलं, रेघ ओढली आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.