आक्काबाईचं ‘ऑलरेडी’

खर्ड्याजवळच्या आमच्या शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवते. ‘ऑलरेडी’ म्हणजे ‘आधीच’, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरं ते दरवर्षी विसरतात. यंदा एकीनं लक्षात ठेवलं, पण ती माझी विद्यार्थिनी नाही.

माझ्या वर्गातली आरती घरी मोठ्यानं वाचत होती, तेव्हा तिच्या आईनं, आक्काबाईनं, तो शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर सरपण घेऊन ती शाळेच्या फाटकात उभी.

“बाई, ऑलरेडी म्हंजी काय वो?”

“कुणी सांगायच्या आधीच काम झालेलं असलं, की तसं म्हणायचं.”

“म्हंजी माझंच की,” ती म्हणाली.

मग काय विचारता. नवऱ्यानं चहा मागितला की “ऑलरेडी चुलीवर हाय”. सासूनं गोळी मागितली की “ऑलरेडी उशाला ठिवली”. गल्लीनं तिला ऑलरेडीबाई करून टाकलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

दिवाळी झाली की आक्काबाई आणि तिचा नवरा बिभीषण राहुरीकडं ऊसतोडीला जातात. तिथल्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यंदा बिभीषणनं मुकादमाला दीड कोयता सांगून टाकला. वरचा अर्धा म्हणजे आरती. दहावीच्या वर्षात ही हुशार पोर मोळ्या बांधणार, या विचारानंच माझं डोकं फिरलं. त्याच्याशी भांडायचं मी रोज ठरवत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. शेवटी टेम्पो दारात लागला, तेव्हा कुठं धावत गेले.

भांडीकुंडी चढली होती. बिभीषण आरतीला हाका मारत होता.

“ती येणार न्हाई,” आक्काबाई शांतपणे म्हणाली. “म्हातारीपाशी ऱ्हाईल. तिच्या जागी माझी बहीण येतीय. मुकादमाला ऑलरेडी सांगितलंय, पंधरा दिस झालं.”

बहीण बनुबाई टेम्पोत बसलेलीच होती.

“आन मला आज सांगतीस?”

“दीड कोयता सांगताना तुमी मला कुठं इचारलं हुतं?”

मी तोंडात तयार ठेवलेलं भांडण गिळून टाकलं. माझी गरजच नव्हती.

बिभीषणनं गोणीतून एक नवा कोयता काढला आणि बनुबाईपुढं धरला.

“जरा हलका हाय,” तो खाली बघत म्हणाला. “पोरीच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून मूठ बारीक करून घेतल्ती.”

माझा सगळा राग तिथंच गेला. तो वळून आरतीला म्हणाला, “पेपर एकबी बुडवू नको.” तिनं रडतच मान हलवली.

टेम्पो गेला. पहिला तास माझाच होता. आरती आणि मी, दोघी उशिरा पोचलो.