नमस्कार खाली उतरल्यावर

माझा भाचा समर चीअरलीडर आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझा चेहरा बघून गप्प होतो. लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या नातेवाइकांनी तर त्याचं नाव ‘झिरमिळ्यावाला’ ठेवलं होतं. म्हणणाऱ्यांचं काय जातं! झिरमिळ्या हलवणं हे समरचं कामच नाही. तो बेस आहे, म्हणजे खालचा. एक अख्खी मुलगी दोन तळहातांवर डोक्याच्या वर उचलून धरायची आणि नजर तिच्यावरून हलवायची नाही. ती पडलीच, तर जमिनीच्या आधी आपण तिच्याखाली असायचं.

केंब्रिजला शिकायला आला आणि माझ्याकडे राहू लागला, तेव्हा तो नुसता काडीपैलवान होता. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये वर चढणाऱ्या मुलींना फ्लायर म्हणतात. वर्षभर एकही फ्लायर त्याच्या हातांवर चढायला तयार नव्हती. हा मागच्या बागेत माझ्या खताच्या गोण्या डोक्यावर धरून उभा राहायचा. शेजारीण मला विचारायची, मुलगा बरा आहे ना? शेवटी तनू चढली. ही लंडनच्या हाउन्सलो भागातली, आजीच्या हाताखाली मोडकंतोडकं मराठी शिकत वाढलेली. “तू रोज येतोस. चल, मी चढते,” एवढंच ती म्हणाली होती. ते समर विसरला नाही.

यंदा मुख्य टीममध्ये एकाच जोडीला जागा होती. निवडीच्या आदल्या आठवड्यात सराव करताना तनूचा बूट समरच्या कानाला घासला आणि वर पोहोचल्यावर ती अचानक कमरेत वाकली. वरची मुलगी वाकली की तोल गेलाच. समर तिच्याखाली घुसला. तिला खरचटलंही नाही, याच्या बरगड्या मात्र चांगल्याच शेकल्या.

कोच हेलननं त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की तनू वर गेल्यावर घाबरते. दुसरी फ्लायर घेतलीस तर तुझी जागा नक्की. तनूबरोबर आलास आणि ती पुन्हा वाकली, तर दोघंही बाहेर.

त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात बरगडीला फ्रोझन मटारची पिशवी लावून बसला होता.

“आत्या, तनू घाबरत नाही. तिचा पाय मला लागला ना, म्हणून ती नमस्कार करायला वाकली.”

मी कपाळावर हात मारला. कुणाला चुकून पाय लागला, तर त्याला हात लावून नमस्कार करायचा, हे आपल्याकडे धड बोलता येण्याआधी शिकवतात. हात विचारून जात नाही, आपला आपण जातो.

“मग सांग की हेलनला.”

“सांगितलं. ती म्हणते, रीझन काहीही असू दे, वर असताना बेंड व्हायचं नाही.”

“बरोबरच आहे तिचं! घे दुसरी मुलगी. हट्टापायी हाडं मोडून घेशील आणि तुझ्या आईला तोंड मी द्यायचं?”

“माझ्यावर कोणी ट्रस्ट करत नव्हता, तेव्हा ती चढली, आत्या.”

मला रागही आला आणि भरूनही आलं. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

निवडीच्या दिवशी घरच्यांना बसायला हॉलच्या कडेला बाक होते. मी अगदी पुढे बसले. मॅटवर जाण्याआधी समर तनूला म्हणाला, “पाय लागला तर लागू दे. नमस्कार खाली आल्यावर. वर नाही. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” ती म्हणाली.

त्यानं तिला खांद्यापर्यंत उचललं. तिथून वर नेताना तिच्या बुटाचं टोक खाडकन त्याच्या नाकावर बसलं. तो आवाज मला बाकावर ऐकू आला. नाकातून रक्त आलं. तनूला ते कळलं, कारण तिचा उजवा हात खाली निघाला.

“नको गं बाई, नको!” मी मराठीतच ओरडले.

हात कमरेपर्यंत आला आणि तिथे थांबला. तिनं मूठ आवळली. मग तो हात सरळ वर गेला आणि तनू ताठ उभी राहिली. हेलन आकडे मोजू लागली; आठ होईपर्यंत हलायचं नव्हतं. इतके सावकाश आकडे मी जन्मात ऐकले नाहीत. रक्त समरच्या ओठांवरून हनुवटीवर आलं, पांढऱ्या टी-शर्टवर ठिपकू लागलं. दुखऱ्या बाजूची बरगडी आतबाहेर होत होती. पुसायला हात मोकळा नव्हता आणि मान खाली घालायची सोय नव्हती.

आठ झाले. त्यानं तिला वर उडवलं आणि दोन्ही हातांत झेललं. नियमाप्रमाणे दोघं हेलनकडे बघून हसले, मग मॅटवरून खाली उतरले. हेलन टिश्यूचा खोका घेऊन धावत आली. “जागा तुमची,” ती म्हणाली, “आणि आधी ते नाक दाबून धर.”

दोघांचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. तनूनं समरच्या खांद्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पुन्हा लावला. मग ती रडायलाच लागली.

“तुझा नाक बघ, समर! एवढा जोरात लागला, तुला कळला नाही?”

समरनं हनुवटीला हात लावला आणि बोटांवरचं रक्त बघून तो खरंच दचकला.

“नाही,” तो म्हणाला. “मी तुझ्याकडे बघत होतो.”