काळ्या कोंबडीची कापसाची गादी

जयवंतानं बसवलेली कोंबडी पिल्लं काढणारच, असं पुलगावजवळच्या नाचणगावात सगळ्या बायका म्हणत. म्हणत म्हणजे जयवंता म्हणे, बाकीच्या मान हलवत. पण बाईचा हात होता खरा. टोपलीत खाली चुलीची राख, वर गव्हाचं कोरडं कुटार, म्हणजे भुसा, पिसवा होऊ नयेत म्हणून मूठभर कडुलिंबाचा पाला. ओल दिसली की सगळं उकिरड्यावर, नवं कुटार टोपलीत.

अठ्ठ्याहत्तर साली सून आली, टेकडीवरच्या गिरडची कांता. वर्ष व्हायच्या आत तिची माय वारली. दिवसकार्याहून परतताना कांतानं मायची एक काळी कोंबडी काखेत आणली. माहेरचं म्हणून तेवढंच उरलं होतं. कोंबडी खुडूक झाली तशी कांतानं स्वतःच टोपली भरली. राख, कुटार, पाला, वर अकरा अंडी.

शेजारची शकुबाई कुंपणावरून डोकावली. हिच्या जिभेला हाड नव्हतं.

"जयवंते, सून तुह्याहून हुशार निघाली वं! टोपली पाय कशी भरली. आन् पिल्लं माह्या कोंबड्याची, आहेर आणजो!"

जयवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कांता पाण्याला गेली तशी तिनं कुटार उपसलं आणि कोपऱ्यातला फरदडीचा, म्हणजे हंगामाच्या शेवटी वेचलेला कापूस टोपलीत दाबून भरला. कापसाच्या मुलुखात गादी कशाची, हे सुनेला दाखवायचं होतं.

कांता परतली. "आत्याबाई, कापूस नका टाकू. पिल्लाचे पाय गुंततात, माही माय म्हणे."

"तुह्या मायनं टेकडीवर बसून कापूस पाह्यला तरी होता काय?"

कांतानं डोक्यावरची घागर उतरवली. तिनं पुन्हा कधी टोपलीला हात लावला नाही.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. जयवंता साऱ्या आळीला सांगून आली. पण पिल्लांच्या ओल्या अंगाला कापूस चिकटला, पायांना तंतू गुंडाळले गेले, पिल्लं ओढत गेली तसे ते आवळत गेले. जयवंता कातर घेऊन बसली, पण तोवर पिल्लांची बोटं काळी पडली होती. चार दिवसांत एकही उरलं नाही. उन्हाळ्यात काळीला मुंगसानं नेलं. वाण संपला.

कांता एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर जयवंता रीतसर भांडून मोकळी झाली असती.

पुढं मुलगा भैयाजी नोकरीला लागला आणि कांताला घेऊन वर्ध्याला नालवाडीत राहू लागला. चौऱ्याऐंशी साली जयवंता एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, आणि राख-कुटारानं भरलेली टोपली घेऊन एसटीत बसली. "तुही माय खरं बोलली होती," एवढंच सांगायचं होतं. पुलगावपासून वर्ध्यापर्यंत तिनं ते मनात घोळवलं.

कांतानं पाणी दिलं, चहा दिला. टोपली न्याहाळली.

जयवंतानं घसा साफ केला. "कुटार आठ दिवसानं बदलत जाजो."

"ठाऊक हाय मले," कांता म्हणाली. "माही माय तसंच करे. पण आत्याबाई, मी आता कोंबड्या नाई पाळत."

संध्याकाळी टोपली आणि तलंग घेऊन जयवंता परत आली. शकुबाई कुंपणाशी टपलेलीच होती; जयवंता कशासाठी गेली, हे तिला ठाऊक होतं.

"मंग? बोलली का तिले?"

"चहा लय गोड केलता वं," जयवंता म्हणाली आणि टोपलीतलं कुटार उकिरड्यावर पालथं करू लागली. कुटार तर सकाळचंच होतं, कोरडं. शकुबाईला ते दिसलं. पण त्या दिवशी तीही काही बोलली नाही.