साडूभाऊंच्या नाकाचा विचार

नाक पुढे आणि माणूस मागे असा गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आमचे साडूभाऊ. आणि मनाला टोचतं म्हणून हेही आत्ताच सांगून टाकतो, की त्या गृहस्थावर पन्नाशीत नाक कापून घ्यायची वेळ आणणाराही एकच होता, आणि तो मी.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भिवंडीच्या जकात नाक्यावर कारकून. दाढी करताना ते डाव्या हाताने नाक आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला सारून गालांना वाट करून देत. थंडीत मफलर गुंडाळला तरी नाक बाहेरच राही. त्याच्यासाठी वेगळा मफलर विणावा असं आमच्या मेव्हणीबाई एकदा गंभीरपणे म्हणाल्या होत्या. पण नाक नुसतं शोभेचं नव्हतं. आमच्या घरात चप्पल काढता काढताच ते माझ्या बायकोला विचारत, "सुधा, काल भरली वांगी केलीस आणि मला निरोप नाही?" नाक्यावर कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक आला की ते शांतपणे एक फेरी मारत आणि सांगत, "खाली सुपारी आहे." सुपारी निघायचीच. एकदा एक ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "बाबूजी, ये नाक सरकारी है या घर की?" साडूभाऊ म्हणाले, "घर की है, ड्यूटी पर लाता हूँ."

हसायचेही ते नाकानेच. तोंड मिटलेलं, खांदे हलताहेत आणि नाकातून बारीक शीळ. ती शीळ ऐकली की समजावं, साडूभाऊ मनापासून खूष आहेत.

दुसरी खोड विचाराची. कुठलीही गोष्ट करण्याआधी तिचा चारी बाजूंनी विचार. कुकर घ्यायचा ठरला तेव्हा शिट्टी कशी वाजते ते ऐकायला ओळखीच्या घरी ऐन स्वयंपाकाच्या वेळी जाऊन बसायचे, आणि शिट्ट्या झाल्यावर जेवूनच उठायचे. चप्पल घ्यायला गेले ते ती पायात घालून थेट शेलार गावच्या रस्त्याला लागले, मागून दुकानदार, "अहो साहेब, अहो साहेब!" ते म्हणाले, "चालून बघतोय. दुकानात उभं राहायला चप्पल लागत नाही." मला नेहमी सांगत, "मास्तर, घाई नको. पस्तावायला आयुष्य पडलंय." मी शाळेत मराठी शिकवतो. हे वाक्य मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं, स्वतः मात्र शिकलो नाही.

त्यांचं घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडत असायचे, म्हणून त्या घरात कोणीच हळू बोलायचं नाही. मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं. पाहुण्याला कानात काही सांगायचं असेल तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं, ही तिथली कुजबूज. परक्याला गंमत वाटे, आम्हाला ती सवयच झालेली.

वैशालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, बघायला कल्याणची मंडळी आली तेव्हा मी असाच साडूभाऊंच्या शेजारी बसलो होतो. पत्रिका आधीच जुळली होती, मुलगा बरा होता, शिरा छान झाला होता. वैशाली बशा घेऊन बाहेर आली. रंग, उंची, चालणं सगळं आईचं. फक्त नाक मात्र... आणि मला विनोद सुचला. सुचला तो गिळायला हवा होता. मी साडूभाऊंच्या कानाला तोंड लावलं आणि सगळी ताकद लावून कुजबुजलो,

"नाक तेवढं तुमचं घेतलंय हो, आणि तेही सगळंच्या सगळं!"

'नाक तेवढं' म्हणेपर्यंत माग चालू होते. तेवढ्यात लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले, आणि माझं उरलेलं वाक्य त्या शांततेत जत्रेतल्या लाउडस्पीकरसारखं सगळ्या खोलीभर झालं. मुलाच्या आईची नजर साडूभाऊंच्या नाकावरून वैशालीच्या नाकावर गेली आणि चमचा बशीतच राहिला. तेव्हा साडूभाऊ हसले. तोंड उघडून, हा हा हा करून, मोठ्याने. मग सगळेच हसले. मला वाटलं, चला, निभावलं.

चार दिवसांनी कल्याणहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

त्यानंतर महिन्याभरातच साडूभाऊ मला म्हणाले, "मास्तर, मी नाक करून घ्यावं म्हणतो. मुंबईत डॉक्टर आहेत, कापून लहान करतात." मला हसू आवरेना. म्हटलं, "या वयात? कुठे बघायला येणार आहेत का तुम्हाला?" ते नेहमीप्रमाणे विचाराला लागले.

आता मागांशेजारच्या घरात केलेला विचार गुप्त कसा राहणार? आठवड्यात गावभर झालं. न्हाव्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, तुमच्या मिशीचा माप नाकावर बसवलाय. नाक गेलं तर मिशीपण नवीन लागंल." शेलारचा एक शेतकरी भाजीचा टेम्पो घेऊन नाक्यावर आला होता, त्यालाही विचारलं. तो कितीतरी वेळ नाकाकडे बघत राहिला. "नाक हाय तं मानूस हाय, भाऊ. वांगा हाय का चिराया?" आणि तो सुपारीवाला ड्रायव्हर म्हणाला, "कटवा लो बाबूजी, मिठाई हम बाँटेंगे." मी प्रत्येक ठिकाणी हजर, आणि प्रत्येक ठिकाणी हसत. आज आठवलं की कानशिलं तापतात.

डॉक्टरांकडे सोबत म्हणून मलाच नेलं. डॉक्टर वयस्क, शांत. त्यांचं स्वतःचं नाक थोडं डावीकडे गेलेलं. साडूभाऊंनी विचारायला सुरुवात केली. श्वासाला अडथळा येतो का? शिंक आली तर टाक्यांचं काय? चष्मा कधी लावायचा? वासाला काही होत नाही ना, कारण "माझी नोकरी वासावर आहे." सूज पूर्ण उतरायला काही महिने, कधी वर्षही जातं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा यांनी विचारलं, "तोवर मी कोणासारखा दिसणार?" मग, "नाही आवडलं तर जुनं परत मिळतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "दुरुस्ती करता येते, पण ती पहिल्यापेक्षा अवघड. म्हणून तर आधी विचार करायचा."

"आणि तुम्ही तुमचं का नाही करून घेतलंत?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. डॉक्टर मात्र हसले. "माझ्या बायकोने करू दिलं नाही. आता एक प्रश्न मी विचारतो. हे तुम्हाला स्वतःला हवंय, की कोणी काही बोललं म्हणून?"

साडूभाऊ खाली बघायला लागले. तिथे माग नव्हते, म्हणून मला त्यांचा खरा, हळू आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकू आला. "माझ्यासाठी नाही, डॉक्टर. माझ्या मुलीचं असंच आहे. तिचं करून द्यावं म्हणतो. पण आधी माझं करा. दुखतं किती, रक्त किती जातं, नंतर आरशात बघवतं का, ते मला कळू दे. बघितल्याशिवाय पोरीला कसा पाठवू?"

कुकर आठवला, चप्पल आठवली. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "मुलीला विचारलंत?" सगळ्या भिवंडीला विचारणाऱ्या माणसाने मुलीला विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "सज्ञान मुलगी आहे. तिला हवं असेल तर तिनेच यावं, मी नीट समजावून सांगेन. तिला नको असेल तर तुम्हीही घरी राहा."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. ठाणं मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, आता बोलला आहातच, तर विचारा पण तुम्हीच."

मी वैशालीला विचारलं. आधी ती ऐकून घेत होती. 'बाबा आधी स्वतःचं करून बघणार होते' म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला. हसते आहे की रडते आहे, मला कळेना. मग म्हणाली, "नको काका. दोघांची नाकं गेली तर वांग्याचा वास कोणाला येणार? आणि तुम्ही बोललात ना, ते मला लागलं नाही. बाबा हसले, ते लागलं. ते असे हसत नाहीत." तेव्हाच मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "अगं, गंमत केली गं," आणि चहा पिऊन घरी आलो. चहासुद्धा दोन वेळा घेतला.

पुढे तिला बघायला पडघ्याहून एक मुलगा आला. तिनेच सांगून टाकलं, "हे नाक आहे, आधीच बघून घ्या." तो म्हणाला, "माझा चष्मा सारखा घसरतो. तुमच्या नाकावर दोन राहतील." लग्न झालं. साडूभाऊ निवृत्त झाले. वय झालं तसं वासही कमी येऊ लागला, हल्ली आमच्याकडे आले की "सुधा, आज काय केलंयस गं?" असं विचारतात, आणि ते ऐकून माझ्या बायकोचे डोळे भरतात.

वैशालीच्या मुलीचं बारसं त्याच घरात झालं. बायका पाळण्याभोवती, पलीकडे माग चालू. डोळे बापाचे, कपाळ आईचं, असं चाललं होतं. मग कोणीतरी ओरडून विचारलं, "आणि नाक?"

काहीजणी माझ्याकडे बघायला लागल्या. साडूभाऊंनी इकडेतिकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मला कळलं, आता तेच हसू येणार. हा हा हा.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

कोणालाच ऐकू गेलं नाही. या वेळी लाइट काही गेली नाही. साडूभाऊंनी कानाला हात लावला, "काय म्हणताय मास्तर?"

मग मी उठून पाळण्याजवळ, साडूभाऊंच्या पुढ्यात गेलो आणि सगळ्या मागांच्या वरताण ओरडलो, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं! वैशाली, माफ कर! साडूभाऊ, मला माफ करा!"

साडूभाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांचे खांदे हलले. मागांच्या खडखडाटात शीळ काही ऐकू आली नाही, पण मी अगदी जवळ उभा होतो. ती होती.