धरून ठेवायची ढाल

कृणालला आम्ही आधी आवाजानं ओळखत होतो. चेहरा त्यानं कधी दाखवलाच नाही. कॅमेरा लाव म्हटलं की म्हणायचा, "माझं थोबाड बघून तुमचा नेम चुकेल." मी नाहूरची, आमचा टीम लीडर सुबोध मुलुंडचा, आणि कृणाल वेसाव्याच्या कोळीवाड्यातला, अंधेरीच्या पार समुद्राकडच्या टोकाचा. एका शहरातले असूनही आमची भेट व्हायची ती एका ऑनलाइन खेळात. प्रत्येकानं स्वतःचा सुपरहिरो घडवायचा, टीम बांधायची आणि एका काल्पनिक शहरावर चालून येणाऱ्या राक्षसांशी लढायचं, असा तो खेळ. मी जखमा भरणारी, सुबोध आग फेकणारा, आणि कृणाल रक्षक. म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणारा.

त्याच्या हिरोचं नाव होतं धक्का. लोकांना वाटायचं, ढकलतो म्हणून धक्का. तो हसून सांगायचा, "अरे, बोटी लागतात तो धक्का! लाटा येतात, आपटतात, जातात. तो हलतो का?"

खेळणाऱ्यांचा एक फोरम होता. कुठली शक्ती कशी चालते, कुठला वार कशानं अडतो, कंपनीनं काय बिघडवलं, यावर तिथं रोज भांडणं. कृणाल भांडायचा नाही, समजावून सांगायचा. नवीन पोरानं विचारलं, "रक्षक घेतला, पण सारखा मरतोय, काय करू?" की कृणालचं उत्तर ठरलेलं: "ढाल आपल्यासाठी नाही धरायची, मागच्यांसाठी धरायची. मागे बघत जा." त्याचं असं काही वाचूनच मी त्याच्या टीममध्ये आले होते.

मग एका हिवाळ्यात तो गायब झाला. मेसेजला उत्तर नाही, फोरमवर नाही. बापाच्या बोटीवर जातो एवढं माहीत होतं, म्हणून वाटलं लांब गेला असेल मासेमारीला. उन्हाळ्यात परत आला. "कुठे होतास रे?" तर म्हणे, "आजारी होतो जरा. चला, खेळू." खेळ मात्र बदलला होता. पूर्वी धक्का सगळीकडे पळायचा, उड्या मारायचा. आता एक जागा धरून उभा राहायचा आणि ढाल वर ठेवायचा. बटण दाबून धरलं की ढाल वर, सोडलं की खाली, असा त्या शक्तीचा नियम होता. ढाल धरली की अंगातली ताकद हळूहळू उतरत जायची, म्हणून बहुतेक जण ती जपून वापरायचे. कृणालनं मात्र सगळी ताकद तिच्यातच घातली. आम्हाला वाटलं, नवा डावपेच आहे. झकास चालला होता.

पुढच्या वर्षी खेळाचं मोठं अपडेट आलं. कंपनीनं ढालीचा नियमच बदलला. आता बटण दाबून धरायचं नाही. वार अंगावर यायच्या नेमक्या क्षणी टिचकी मारल्यासारखं दाबायचं, की ढाल लखकन चमकणार आणि विझणार. पुढच्या वाराला पुन्हा दाबायचं. फोरमवर आनंदीआनंद. आता खऱ्या कौशल्याला किंमत आली, उगाच बटणावर बोट ठेवून बसणाऱ्यांचे दिवस गेले, वगैरे.

कृणालनं लिहिलं, "नवी ढाल चांगली आहे. पण जुनी काढू नका. ज्याला जी हवी ती त्यानं घ्यावी. जुनीला ताकद जास्त लागते, म्हणजे ती फुकट नाहीच. मग अडचण काय?"

त्याच्यावर लोक तुटून पडले. "जमत नसेल तर सोपा हिरो घे." "खेळायला शिक, काका." कुणी म्हातारीचं चित्र टाकलं. आणि या सगळ्यात आमचा सुबोधही होता. त्यानं व्यवस्थित आकडेमोड करून दाखवलं की वार दिसल्यापासून ढाल दाबायला पुरेसा वेळ मिळतो, कुठल्याही सरावलेल्या माणसाला ते जमायला हवं. सुबोध वाईट माणूस नाही. त्याला हिशोब बरोबर असण्याचा आनंद होतो, एवढंच. कृणालनं त्याला उत्तर दिलं, "तुझा आकडा बरोबर आहे." बस. कारण सांगितलं नाही.

त्यानंतर आम्ही हरायला लागलो. धक्का पहिल्या दोन वारांतच आडवा व्हायचा आणि त्याच्यामागे आम्ही सगळे. सुबोध चिडायचा, "अरे दाब ना, यार! किती उशीर!" कृणाल म्हणायचा, "सॉरी. परत घेऊ."

एका रविवारी दुपारी आम्ही खेळत होतो. त्या दिवशी कृणाल हळू आवाजात सारखं "आता... आता..." म्हणत होता. आम्हाला वाटलं, स्वतःशीच वेळ साधतोय. राक्षस आला. "आता!" ढाल चमकली, पण वार बसून गेल्यावर. पुन्हा "आता, बाबा!" पुन्हा उशीर. धक्का पडला, पाठोपाठ आम्ही. सुबोध काहीतरी बोलणार, तेवढ्यात कृणालच्या बाजूनं दुसरा आवाज आला. जाड, म्हाताऱ्या माणसाचा.

"मना नाय जमत रं."

"जमल, बाबा. मी सांगतो तवा दाबायचा, बस."

"तू सांगतस. मना ऐकू पन येतं. पन हात मागून येतो." मग तोच आवाज म्हणाला, "त्या दिवशी पन तू वरडलास. मी ऐकला. दांडा मागं घ्यायला मना उशीरच झाला ना रं. तुजी बोटं मी घेतली."

  माइक चालू असल्याचं कृणालच्या लक्षात नव्हतं आणि आमच्यातल्या कुणालाच ते सांगायचं सुचलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी उठून गेलं. मग कृणाल म्हणाला, "ऐकलंत का तुम्ही?"

मी "हो" म्हटलं. तो खेळातून बाहेर पडला.

त्याची बहीण रुचिका अधूनमधून माइकवर यायची, तिचा नंबर माझ्याकडे होता. तिच्याकडून सगळं कळलं. बोटीवर जाळं ओढायला विंच असतो, मोठं फिरणारं चाक, त्यावर दोर गुंडाळत जातो. दोर नीट बसावा म्हणून कृणाल तो हातानं सरकवत होता. विंच चालू-बंद करायच्या दांड्यापाशी त्याचे वडील चंदर उभे होते. कृणालचा हात दोरासोबत आत गेला. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. अंगठाही ताठ झाला, दाबून धरता येतो, पण पटकन उचलून पुन्हा टेकवता येत नाही. त्या दिवसानंतर चंदर बोटीवर चढले नाहीत. बोट विकली. घरात बसून लोकांची फाटलेली जाळी सांधू लागले. त्या दिवसाबद्दल बाप-लेकात कधी एक शब्द निघाला नव्हता. त्या रविवारी पहिल्यांदा निघाला.

"बाबा स्वतःहून आला गं," रुचिका म्हणाली. "दादा कम्प्युटरपुढे डोकं धरून बसलेला. बाबानं विचारलं काय झालं, दादानं सांगितलं. तर म्हणाला, मी दाबतो बटण. मला किती बरं वाटलं होतं! रोज दुपारी बसायचे दोघं."

पुढच्या आठवड्यात सुबोध आणि मी वेसाव्याला गेलो. सुबोध वाटेत एकच वाक्य बोलला, "मी त्याला आकडे दाखवत होतो, श्वेता." 

घर धक्क्याच्या मागच्या गल्लीत. दारात सुकट वाळत घातलेली. कृणालची आई सरूबाई नुकतीच बाजारातून आली होती, पाटी धूत होती. आम्हाला बघून तिनं हात पुसले आणि आत हाक मारली, "कृणाल, तुजं खेळातलं दोस्त आलंत!" इतक्या आनंदानं, जणू आम्ही दरवर्षी येतो. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "बसा. जेवूनच जायचं. तो हल्ली कोनाकडं जातच नाय."

कृणाल बाहेर आला. मी कल्पना केली होती त्याहून बारीक, दाढी वाढलेली. डावा हात खिशात. सुबोधनं हात पुढे केला आणि त्यानं उजवा दिला. चंदर कोपऱ्यात जाळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा गाठी मारायला लागले.

जेवताना सरूबाईच बोलत होती. नंतर आम्ही तिघं बाहेर ओट्यावर बसलो. सुबोध म्हणाला, "मी फोरमवर लिहितो. तुझं काय झालं ते सांगतो. बघ, सगळे गप्प होतील. कंपनीला जुनी ढाल परत द्यावी लागेल."

"नको."

"का रे?"

"आज जे मला काका म्हणतायत ते उद्या बिचारा म्हणतील. त्यात काय मोठा फरक?" कृणाल म्हणाला. "माझ्या हातावर मतदान नको. नियम बरा की वाईट, त्यावर बोला. मी तेच बोलत होतो."

 मी विचारलं, "आणि बाबा?"

त्यानं दाराकडे बघितलं. आवाज उतरवून म्हणाला, "मी त्याला सांगितलं गं. त्याच संध्याकाळी. म्हटलं, बाबा, दोर अडकला तेव्हा मी सोडायला हवा होता. मी नाही सोडला. जाळ्यात चांगला माल दिसत होता, वाटलं एक झटका देऊन मोकळा करू. हात मी घातला होता. मग ओरडलो. तुला कितीसा वेळ होता?"

"मग?"

"म्हणाला, तू मना बरा वाटावा म्हनून सांगतस." कृणाल हसला, पण ते हसू नव्हतं. "खरं सांगितलं मी. एवढ्या दिवसांनी सांगितलं, आणि त्याला खोटं वाटलं. आता मी काय बोललो तरी त्याला तेच वाटणार."

निघताना मी चंदरना नमस्कार केला. ते म्हणाले, "पोरी, तुमी त्याला खेलात घ्या. माज्यामुलं तुमी सारखं हरलात." मी म्हटलं, "काका, हरलो तर हरलो, खेळच तो." त्यांनी मान हलवली. पटलेलं दिसलं नाही.

सुबोधनं मग फोरमवर लिहिलं, कृणालचं नाव न घेता. धरून ठेवायची ढाल का हवी, कुणाकुणाला हवी. ज्यांची बोटं दुखतात, ज्यांचा हात कापतो, ज्यांचं वय झालंय. माझ्या माहितीत त्यानं लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं. आकडा एकही नव्हता. काही लोकांनी पाठिंबा दिला. दोघा-तिघांनी लिहिलं की आमचंही असंच आहे, लाजेनं बोललो नव्हतो. बाकीच्यांनी पुन्हा तेच: खेळ सगळ्यांसाठी सोपा केला तर मजा काय? कंपनीचं गोड उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार, सध्या बदल करण्याचा विचार नाही. मग दुसरी भांडणं वर आली आणि ती चर्चा खाली गेली.

आम्ही कृणालला म्हटलं, दुसरा हिरो घे, मागे उभा राहणारा, त्याला एकच बटण लागतं. त्यानं महिनाभर खेळून बघितलं. एकदा लढाई चालू असताना म्हणाला, "मागे उभं राहून मला तुम्ही दिसतच नाही रे. तुमच्या पाठीच दिसतात." त्यानंतर तो आला नाही. रक्षक म्हणून आम्ही चेंबूरचा एक मुलगा घेतला. चांगला खेळतो, वेळेवर ढाल दाबतो.

कृणाल आता बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. बोटींना बर्फ भरून द्यायचं काम. कधीकधी फोन करतो, माझ्या आईचं विचारतो, खेळाचं विचारत नाही. रुचिका सांगते, बाबा दुपारी जेवण झालं की कम्प्युटरपाशी जाऊन खुर्ची ओढून बसतात. विचारतात, "आज नाय खेलाचा?" दादा म्हणतो, "बंद पडला तो खेळ, बाबा." चंदर तिथंच थोडा वेळ बसतात. आणि घरात आता मिक्सरचं बटणसुद्धा ते दाबत नाहीत. सरूबाईला हाक मारतात.

गेल्या मे महिन्यात रुचिकाचं लग्न झालं. हळदीला सुबोध आणि मी गेलो होतो. बेंजो वाजत होता, आख्खी गल्ली नाचत होती. फोटोच्या वेळी मी बघितलं, प्रत्येक फोटोत चंदर सरकत सरकत कृणालच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहायचे, अगदी चिकटून, म्हणजे तो हात त्यांच्या मागे झाकला जाई. फोटोग्राफर ओरडत होता, "काका, थोडं बाजूला, नवरीच्या जवळ या!" चंदर हलले नाहीत.

शेवटी कृणालनंच तो हात बाहेर काढला, सगळ्यांसमोर, आणि वडिलांच्या खांद्यावर ठेवला. फोटो निघाला. रुचिकानं नंतर तो मला पाठवला. त्यात ती खळखळून हसतेय, सरूबाईचे डोळे मिटलेत, कृणाल सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. चंदर बघतायत खांद्यावरच्या त्या दोन बोटांकडे, आणि त्यांचा चेहरा असा आहे की तो फोटो फ्रेम करायचं अजून त्या घरात कुणी मनावर घेतलेलं नाही.