फेस येईपर्यंत

सलूनवाल्याला सगळी गल्ली मऊकाका म्हणायची. हात मऊ म्हणून नव्हे, फेस मऊ म्हणून. वस्तरा काय कुणीही चालवतं, खरं काम फेसाचं, असं त्यांचं ठाम मत. वाटीत ब्रश फिरायला लागला की गिऱ्हाईक डुलक्या घेऊ लागायचं, तरी काकांचं घोटणं चालूच. उभ्या आयुष्यात एकाही गालाला त्यांनी साबण कमी लावला नव्हता, आणि याचा जेवढा अभिमान त्यांना होता तेवढा पोराच्या नोकरीचाही नव्हता.

घरी मात्र त्यांनी कधी कपबशीसुद्धा विसळलेली नव्हती. बायको स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला गेली, पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. कोपरापर्यंत प्लास्टर. बातमी कळायचा अवकाश, तिच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन हजर.

"हिला माझ्याकडे पाठवा, भाऊजी. प्लास्टर निघेपर्यंत राहील. तुमच्याच्याने काही व्हायचं नाही."

"सगळं होतंय, आक्का. घर मी सांभाळतो."

"बरं. तुमच्या दुकानाला सुट्टी असते त्या दिवशी येते. सगळं नीट दिसलं तर ठेवते तिथेच. नाहीतर त्याच फेरीत हिला सोबत घेऊनच जाते."

काकांनी फोन ठेवून बायकोकडे पाहिलं. ती 'जाते' म्हणाली नाही, 'राहते' असंही म्हणाली नाही. खिडकीतून बाहेर बघत बसली. दुकान बंद करून आल्यावर जिच्याशी वाद घालायचा तीच घरात नसेल, तर घरी यायचं तरी कशाला?

मग काका कंबर कसून लागले. दूध उतू घालवलं, पण ओटा घासून लख्ख केला. भाजी तिखटजाळ झाली, पण झाली. कपडे ते पहाटेच मशीनला लावायचे, बायको उठायच्या आत, म्हणजे तिला उठल्या उठल्या काम झालेलं दिसावं. आणि तिथेच घोडं अडलं. धुणं अर्ध्यावर आलं की मशीनखालून पाण्याचा ओघळ निघायचा आणि सरळ दाराकडे धाव घ्यायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी मुकाट पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी बायकोचा पाय त्यात पडला.

"हे काय?"

"सांडलं थोडं."

"थोडं? माझी चप्पल तरंगतेय."

काकांनी दुकानातून येताना नवा वायसर आणला. मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पाण्याचा पाइप सोडवला, वायसर बदलला, पान्याने आवळून बसवला. सकाळी पुन्हा ओघळ. मग खालची झडप उघडून त्यांनी फिल्टर काढला. त्यातून काळ्यापांढऱ्या केसांचा एवढा मोठा गोळा निघाला की त्यात एखादं डोकं असावं असं वाटलं. दुकानातले टॉवेल घरीच धुतले जायचे, दुसरं काय होणार?

"सापडला चोर," काका म्हणाले.

"तुमचाच धंदा आहे तो," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तळं. दाराचं रबर त्यांनी बोट घालघालून पुसलं, त्यात एक हेअरपिन मिळाली, पण गळती थांबली नाही. आक्का येण्याच्या आदल्या संध्याकाळी बायको स्वतः खुर्ची घेऊन मशीनसमोर बसली, हात गळ्यात अडकवलेला.

"खाली वर्तमानपत्र पसरा. नुसत्या पाण्यावर लावा. जिथला कागद आधी भिजेल, तिथून गळतंय."

मशीन फिरलं, घरघरलं, थांबलं. कागद कोरडा ठणठणीत.

"तुमच्यासारखंच आहे," ती म्हणाली. "मी समोर बसले की गुणी."

"उद्या आक्कासमोर गळलं तर?"

"तर बॅग भरायची," ती म्हणाली. हसून म्हणाली की खरंच, ते काही काकांना कळलं नाही.

तेवढ्यात गल्लीतला नळवाला दाढीसाठी काकांना शोधत घरी आला. दुकान बंद झालं होतं, पण त्याला सकाळी कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. काकांनी शटर अर्धं वर केलं आणि त्याला खुर्चीत बसवलं. मनात मशीनच होतं, तोंडीही गळतीचंच गाऱ्हाणं, त्यामुळे ब्रश वाटीत आणि वाटीतून गालावर, फिरतोय तो फिरतोय.

"पाइप बघितला?" नळवाल्याने डोळे मिटून विचारलं.

"बदलला वायसर."

"फिल्टर?"

"साफ केला. बरं, नुसत्या पाण्यावर गळत नाही. धुणं लावलं की गळतं."

"मग दार... फूऽऽ... काका, नाकात गेला."

फेस नाकात गेला होता, कानात गेला होता, आता कॉलरच्या आत उतरत होता.

"मावत नाही तर जाणार कुठे तो," नळवाला कॉलर पुसत कुरकुरला. "उरका आता."

काकांचा ब्रश हवेतच राहिला. उरलेली दाढी त्यांनी भराभर, पण नीट केली, आणि घर गाठलं.

"अगं, मशीनला पावडर किती घालायची असते?"

"एक झाकण. तुम्ही किती घालता?"

काका फरशीकडे बघत म्हणाले, "फेस येईपर्यंत."

काचेतून बघत ते रोज समोर पाट टाकून बसत, डबा मांडीवर. फेस हवा तसा दाट दिसेना, की वरच्या कप्प्यात आणखी पावडर. बाहेर येणारं पाणी फेसाळ दिसलं की उलट बरंच वाटायचं, कपडे चांगले निघणार म्हणून. बायकोने डबा हलवून बघितला. महिनाभराची पावडर, तळाला दोन-तीन झाकणं उरलेली. ती इतकी हसली की प्लास्टरवाला हात दुसऱ्या हाताने धरावा लागला.

"मशीनची दाढी करत होतात होय!"

मग रात्रीच्या जेवणाआधी मशीन रिकामंच फिरवलं, पुन्हा फिरवलं, तरी आतून फेस निघतच होता. अखेर पाणी स्वच्छ आलं. सकाळी एक झाकण पावडर घालून धुणं लावलं. काचेत फेस म्हणावा तर नावाला. काकांना बघवेना.

"हे काय धुणं? गिऱ्हाईक उठून गेलं असतं," ते म्हणाले आणि हात डब्याकडे गेला. बायकोने डाव्या हाताने डबा उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. फरशी कोरडी राहिली.

आक्का आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच. बहिणीचे कपडे भरायला. तिने ओट्यावर बोट फिरवलं, मशीनखाली वाकून पाहिलं, दोरीवरचे टॉवेल नाकाला लावले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच बायकोने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगून टाकलं. चप्पल, केसांचा गोळा, पाट, डबा, काही म्हणजे काही सोडलं नाही. काकांना फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि या माणसाच्या भरवशावर राहणार तू?" आक्का म्हणाली.

"तुझ्याकडे सगळं जागच्या जागी असतं, आक्का. मी दिवसभर बसून बघू काय?" बायको म्हणाली. मग जरा थांबून, मान वळवून तिने पाठीवरची वेणी पुढे घेतली. "आणि ही वेणी रोज सकाळी हे घालून देतात. एका हाताने मला जमत नाही. एक केस ओढला जात नाही, बघ."

आक्काने वेणी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली. घट्ट, सरळ, एकसारखी. काका कान लाल करून खिडकीबाहेर बघत होते.

"चहा तरी ठेवा, भाऊजी," आक्का म्हणाली. "आणि साखर मोजून घाला."

संध्याकाळी तिला बसपर्यंत सोडायला काका गेले. ती नको नको म्हणत होती, तरी बॅग त्यांनीच उचलली. आत काहीच नव्हतं. हातात ती झुलवत, शीळ घालत ते आक्काच्या दोन पावलं पुढेच चालले होते.